एन्ड-टू-एन्डमधला एन्ड माझ्या काउंटरवर येतो

नवी, खासगी, एन्क्रिप्टेड मेसेजिंग ॲप बाजारात आणणाऱ्या सर्व मंडळींना,

स. न. वि. वि.

गेल्या शनिवारी दुपारी तुमच्यापैकी एका कंपनीचा मुलगा माझ्या दुकानात आला. अंगात कोरा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, काखेत गुंडाळलेली जाहिरातीची स्टँडी. लालबागला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे सहा बाय सातचा गाळा, एक मायक्रोस्कोप, एक हॉट एअर आणि भिंतीवर टांगलेल्या टेम्पर्ड ग्लासच्या माळा. मुलगा म्हणाला, "ताई, तुमच्याकडे येईल त्या फोनमध्ये आमचं ॲप टाकून द्यायचं. दर इन्स्टॉलला पंधरा रुपये. शंभर टक्के प्रायव्हेट आहे, मिलिटरी ग्रेड."

"गिऱ्हाइकाला न विचारता?"

"फुकट तर आहे, ताई."

खासगीपणाचं ॲप, आणि ते दुसऱ्याच्या फोनमध्ये न विचारता घुसवायचं. मला हसू आलं. पण पोरगा उन्हातून आला होता. त्याला पाणी दिलं आणि एकच विचारलं: हा फोन उद्या पावसात मेला, तर यातले मेसेज नव्या फोनवर येतात का? त्याने सीनियरला फोन लावला, सीनियरने आणखी कुणाला तरी. दहा मिनिटांनी म्हणाला, "विचारून सांगतो." अजून सांगितलेलं नाही. म्हणून हे पत्र त्याला नाही, तुम्हाला.

आधीच सांगते, मी तुमच्या कुलपाच्या, म्हणजे एन्क्रिप्शनच्या, विरोधात नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत बायका जास्त. माझा हात फार साफ आहे म्हणून नव्हे. फोटो आणि चॅट परक्या पुरुषाच्या हाती पडू नयेत म्हणून. घरकामाला जाणाऱ्या, परळच्या हॉस्पिटलांतल्या नर्सा, कॉलेजच्या मुली. फोन काउंटरवर ठेवतात, पण हात लगेच सोडत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या ऑगस्टमध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. या बायकांना ते न्यायालयाच्या आधीपासून ठाऊक होतं. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात तिथे बाईची स्वतःची अशी जागा म्हणजे ती सहा इंचांची काच. तिला चांगलं कुलूप हवंच.

पण त्या कुलपाबद्दल तुम्ही जे बोलता आणि मला काउंटरच्या या बाजूने जे दिसतं, त्यात फार अंतर आहे.

माझ्या पावतीपुस्तकापासूनच सुरुवात करते. आमच्या धंद्यात पावतीवर नाव, मॉडेल, तक्रार, अंदाजे खर्च आणि त्याखाली नऊ टिंबं छापलेली असतात, तीन ओळींत तीन-तीन. गिऱ्हाइकाने त्यावर आपला पॅटर्न पेनाने काढून द्यायचा. पिन असेल तर शेजारच्या चौकटीत लिहायचा. वरची प्रत त्याची, खालची कार्बनची आमची. फोल्डर बदलला (डिस्प्लेला आम्ही फोल्डर म्हणतो) की टच सगळीकडे चालतो का, कॉल लागतो का, कॅमेरा उघडतो का हे बघावं लागतं, म्हणून ही पद्धत पडली. निम्म्या लोकांचा पॅटर्न इंग्रजी एल, नाहीतर झेड. पिन म्हणजे मुलाची जन्मतारीख. संध्याकाळपर्यंत माझ्या ड्रॉवरमध्ये वीस-पंचवीस घरांच्या चाव्या कार्बनवर उमटून पडलेल्या असतात. तुमच्या मिलिटरी ग्रेड कुलपाची चावीही त्यातच असते, आणि ड्रॉवरला कुलूप नाही.

यात तुमचा काय दोष, असं म्हणाल. दोष नाही. पण तुम्ही ज्याला 'एन्ड-टू-एन्ड' म्हणता, म्हणजे पाठवणाऱ्याच्या फोनपासून घेणाऱ्याच्या फोनपर्यंत मेसेज कुलूपबंद, त्यातला एक एन्ड रोज माझ्या काउंटरवर येतो, उघडा. मधला रस्ता तुम्ही इतका पक्का बांधलात की सगळी गळती आता दोन टोकांना होते, आणि टोकांबद्दल तुमच्या स्टँडीवर एक अक्षर नसतं.

रस्ता पक्का आहे हे मी मानते. २०१६ च्या एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपने सगळ्यांचे मेसेज एन्ड-टू-एन्ड केले. कुलूप त्यांचं स्वतःचं नव्हतं. सिग्नल या दुसऱ्या मेसेजिंग ॲपवाल्या मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि ट्रेव्हर पेरिन यांनी घडवलेलं होतं. त्याची करामत अशी की दर मेसेजला चावी बदलते. एखादी चावी कुणाच्या हाती लागली तरी तिने कालचे मेसेज उघडत नाहीत. मधल्या सर्व्हरला दिसते ती नुसती अक्षरांची रद्दी. त्याच वर्षी अमेरिकेत सिग्नलकडे कोर्टामार्फत एका खात्याची माहिती मागितली गेली, तेव्हा त्यांच्याकडे द्यायला दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी त्यांनी साठवलंच नव्हतं, तर देणार कुठून? हे मला फार आवडलं. जे ठेवलंच नाही ते चोरीला जात नाही, हे आमच्या मसाला गल्लीतल्या कुठल्याही दुकानदाराला कळेल.

आणि तरीही २०२० साली याच मुंबईतल्या सिनेमावाल्यांची व्हॉट्सॲप चॅट टीव्हीवर रात्रंदिवस फिरली. मला आठवतं, आठवडाभर दर दुसरं गिऱ्हाईक विचारत होतं, "एन्क्रिप्टेड होतं ना? मग फुटलं कसं?" कुलूप कुणी फोडलंच नव्हतं. ती चॅट तपासात हाती आलेल्या फोनांतली होती. फोन हा एन्ड. तो हाती आला की झालं.

हे मोठ्या लोकांचं झालं. माझ्याकडची एक बाई सांगते. नाव-गाव सांगणार नाही, तिने सांगू नका म्हटलंय. ती तीन वेळा फोन घेऊन आली. म्हणे हॅक झालाय, मी बहिणीला काय लिहिते ते नवऱ्याला संध्याकाळी ठाऊक असतं. पहिल्या वेळी मी व्हायरस बघितला, काही नाही. दुसऱ्यांदा सगळ्या ॲपांच्या परवानग्या तपासल्या. तिसऱ्यांदा लिंक्ड डिव्हाइसेस, म्हणजे खातं आणखी कुठे जोडलंय त्याची यादी, उघडली, तर तिथे एक लॅपटॉप, आठ महिन्यांपासून जोडलेला. ती आंघोळीला गेली असताना नवऱ्याने कधीतरी क्यूआर स्कॅन केला असेल, वीस सेकंदांचं काम. आठ महिने दर मेसेज नव्या चावीने बंद होऊन, वाटेत कुणालाही न दिसता, दोन ठिकाणी अगदी सुखरूप पोचत होता. एक ती आणि एक तो.

तुमच्या हिशेबात तो लॅपटॉपही तिचाच एन्ड. ॲपने नियम मोडला नाही. जोडताना एक सूचनाही आली असेल आणि तिच्याआधी त्याने ती बोटाने बाजूला सारली असेल. मी तो लॅपटॉप काढून टाकणार होते, तोच तिने माझा हात धरला. "लगेच नको. काढला तर त्याला कळेल." अर्धा मिनिट आम्ही दोघी त्या स्क्रीनकडे बघत बसलो. मग ती फोन घेऊन गेली. पुढे बहिणीशी ती बोलायची ती भाजीच्या बाजारात उभी राहून, मैत्रिणीच्या फोनवरून.

आता सांगा, तुमच्या नव्या ॲपमध्ये यासाठी काय आहे? दुसरं यंत्र जोडलेलं असलं की चॅटच्या वरच, रोज दिसेल असं लिहून का ठेवत नाही? तीन टिंबं, मग सेटिंग, मग आणखी आत, असं लपवून का? तुमच्या घरात कुणी उभं असेल तर ते दारातच दिसायला हवं.

माझी आजी कोकणात होती आणि आजोबा इथे गिरणीत. आजोबा अंतर्देशीय पत्र पाठवायचे, घडी घालून डिंकाने चिकटवलेलं. टपालखात्याने ते वाटेत कधी फोडलं नाही. पण आजीला वाचता येत नव्हतं. पोस्टमनच अंगणात उभा राहून मोठ्याने वाचायचा आणि वाडीला कळायचं, बोनस किती झाला आणि थोरल्या दिराशी काय बिनसलंय. आजोबांना हे उमगलं तेव्हापासून त्यांनी पत्रात कामाचं लिहिणंच सोडलं. 'इकडील सर्व क्षेम. बाकी भेटीअंती.' एवढंच. माझ्या त्या गिऱ्हाइकाने बाजारात जे केलं ते हेच. साठ वर्षांत कुलूप कुठल्या कुठे गेलं, अंगण मात्र तिथेच.

आता उलटी बाजू, जिच्याबद्दल मी त्या पोराला विचारलं होतं. गेल्या पावसाळ्यात एक तरुण त्याच्या वडिलांचा फोन घेऊन आला. वडील वारले होते. फोन खिशात भिजलेला, नंतर महिनाभर कपाटात पडलेला. बोर्डावर हिरवी बुरशी. त्याला एकच हवं होतं: वडिलांचे व्हॉइस मेसेज. वडील टाइप करायचे नाहीत, बोलून पाठवायचे, सकाळी चालायला गेले की. घरातल्या कुणा हुशार माणसाने सगळ्यांना एका नव्या खासगी ॲपवर नेलं होतं, का तर व्हॉट्सॲप आपलं ऐकतं म्हणे. दिवाळीत मुलाने नवा फोन घेतला, त्यावर ॲप टाकलं आणि पाटी कोरी. त्याला वाटलं, ठीक आहे, बाबांच्या फोनमध्ये आहेतच की.

पूर्वी असा डेड फोन आला की मेमरीची चिप काढायची, दुसरीकडे बसवायची, वाचायची. आता ते चालत नाही. फोनमधला सगळा साठाच कुलूपबंद असतो आणि चावी प्रोसेसरमध्ये घट्ट बसवलेली असते. म्हणजे तोच प्रोसेसर, त्याच चिपसकट, जिवंत करावा लागतो. मी दुकान बंद झाल्यावर तीन रात्री बसले. आयपीएने (एक प्रकारचं अल्कोहोल) बोर्ड धुतला, शॉर्ट शोधले, दोन कपॅसिटर काढले, शेवटी प्रोसेसर उचलून रिबॉल केला, म्हणजे त्याखालचे सोल्डरचे टाके नव्याने घातले. तिसऱ्या रात्री एकदा कंपनीचा लोगो आला. चार सेकंद. मग गेला तो गेलाच.

मी पैसे घेतले नाहीत. तो म्हणाला, "ताई, क्लाउडवर कुठेतरी असेल ना?" नव्हतं. ॲप बनवणाऱ्यांना त्याचा अभिमान होता, तसं त्यांच्या पानावर ठळक लिहिलेलं होतं: आम्ही काहीही साठवत नाही. मघाशी मी म्हटलं ना, जे ठेवलंच नाही ते चोरीला जात नाही? तेच वाक्य त्या दिवशी त्या मुलासमोर माझ्या तोंडून निघालं नसतं.

बॅकअपचा हा गुंता सोपा नाही, हे मला कळतं. साधा बॅकअप ठेवला तर मागच्या दाराला कुलूप नाही. व्हॉट्सॲपचं वर्षानुवर्षं तसंच होतं: मेसेज रस्त्यात बंद आणि गुगल ड्राइव्हवर उघडे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी बॅकअपलाही कुलूप दिलं, पासवर्डचं किंवा ६४ अंकी चावीचं. पण तो पर्याय आपण होऊन चालू करावा लागतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या फोनांत तो चालू केलेला मला क्वचितच दिसतो. सिग्नलने इतकी वर्षं ढकलत आणून २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सुरक्षित बॅकअप आणला, तोही ६४ अक्षरांच्या चावीवर. ती हरवली तर सिग्नलही परत देऊ शकत नाही.

६४ अक्षरं! एका गिऱ्हाइकाला मी म्हटलं, कुठेतरी नीट लिहून ठेवा. त्यांनी घरी जाऊन कालनिर्णयच्या मागे लिहिली, दुधाच्या हिशेबाशेजारी. १ जानेवारीला नवं कालनिर्णय आलं, जुनं रद्दीत. मार्चमध्ये फोन चोरीला गेला आणि बाई माझ्याकडे आल्या तेव्हा चावी कुठल्यातरी भेळेच्या पुड्यावर असणार. तुम्ही म्हणाल पासवर्ड मॅनेजर वापरा. जरूर. आधी लालबागमध्ये येऊन तो शब्द उच्चारून दाखवा. माझं म्हणणं एवढंच आहे की चावी घरातल्या दोन माणसांत वाटून ठेवता येईल, अर्धी मुलीकडे अर्धी बहिणीकडे, असं काही करा. बँकेचा लॉकर जोडनावाने ठेवायचं आम्हाला कळतं, नॉमिनी कळतो. तुमच्या एकाही ॲपमध्ये मला आजवर नॉमिनी दिसलेला नाही.

भाषेचं थोडक्यात. 'कूटबद्ध' हा शब्द तुम्ही मराठी सेटिंगमध्ये टाकता. आमच्या गल्लीत डंखावर मिरच्या कुटतात आणि घरी दाण्याचं कूट असतं. शेजारच्या आजींनी मला खरंच विचारलं, मेसेज कुटून पाठवतात का ग? आणि खरं सांगायचं तर एन्क्रिप्शनचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरं ऐकलेलं नाही. पण त्या आजींना 'हा मेसेज फक्त तुम्ही आणि सुनबाईच वाचू शकता' असं लिहिलेलं हवं. तिथे शब्दकोश कशाला?

'खासगी' हा शब्दही तुम्ही फार सैल वापरता. टेलिग्रामवरचं साधं चॅट एन्ड-टू-एन्ड नसतं, त्यासाठी वेगळं सीक्रेट चॅट उघडावं लागतं. हे सांगितलं की माझी दहातली आठ गिऱ्हाइकं मला वेड्यात काढतात. २०२५ च्या सप्टेंबरात अरट्टैची लाट आली. झोहोचं, चेन्नईचं, २०२१ पासून असलेलं ॲप. तमिळमध्ये अरट्टै म्हणजे गप्पा. आठवडाभर प्रत्येकाला ते हवं होतं, स्वदेशी म्हणून. मीही टाकून दिलं, आनंदाने. पण तेव्हा त्यातल्या मेसेजना एन्ड-टू-एन्ड कुलूप नव्हतं, ते नंतर आलं. आधी गर्दी आणि मग कुलूप, हा क्रम मला पटत नाही, मग कंपनी इथली असो की तिथली. आणि ॲप बंद पडतात तेव्हा? हाइक आठवतं का कुणाला? २०१२ च्या डिसेंबरमध्ये आलं, स्टिकरांनी पोरांना वेड लावलं, २०२१ च्या जानेवारीत बंद. लॉन्चच्या दिवशी केक कापता, त्याच दिवशी बंद करायची रीतही लिहून ठेवा.

सरकारचं तुम्हालाच जास्त ठाऊक. २०२१ च्या फेब्रुवारीतल्या नियमांनी म्हटलं की मेसेज पहिला कुणी पाठवला ते सांगता आलं पाहिजे. व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये तिथे सांगून मोकळं झालं की एन्क्रिप्शन तोडायला लावलंत तर आम्ही देश सोडू. २०२३ च्या मे महिन्यात केंद्राने १४ मेसेजिंग ॲप बंद केली, त्यात थ्रीमा, एलिमेंट, ब्रायर होती. या भांडणात मी कुलपाच्या बाजूची आहे. पोलिसांसाठी ठेवलेलं भोक पोलिसांनाच सापडेल, याची हमी कोण देणार? मी स्वतः दिवसभर दुसऱ्यांची कुलपं उघडते, मला विचारा.

पण २०२५ च्या नोव्हेंबर अखेरीस दूरसंचार विभागाने सिम बांधण्याची सूचना काढली, तेव्हा तुमच्यापैकी कुणी आमच्यासारख्यांना विचारायला आलं नाही. ज्या सिमवर खातं, ते सिम त्याच फोनमध्ये हवं. वेबवरचं लॉगिन सहा तासांनी बंद. ऑनलाइन फसवणुकीला आळा घालायला. हेतू खोटा नाही. पण माझ्याकडे जहाजावर जाणारी कोकणातली मुलं येतात. सहा-सहा महिने बाहेर. जाताना सिम आईच्या फोनमध्ये घालून जातात, बँकेचा ओटीपी आईला मिळावा म्हणून, आणि त्याच नंबरचं व्हॉट्सॲप जहाजावरच्या वायफायवर चालतं. ते आईला काय आणि कसं समजावणार? दुसरीकडे, त्या आठ महिन्यांच्या लॅपटॉपवाल्या बाईला सहा तासांचं लॉगिन देवासारखं वाटलं असतं. एकाच सूचनेत एकीची सुटका आणि दुसरीची अडचण. हे दिल्लीत बसून दिसत नाही, आणि माफ करा, बंगळूरुत बसूनही दिसत नाही.

फसवणुकीवरून आठवलं. एक निवृत्त गृहस्थ भरदुपारी घामाघूम होऊन आले, चार्जर द्या म्हणाले. फोन हातात, व्हिडिओ कॉल चालू, आवाज बंद केलेला. स्क्रीनवर खाकी वर्दीतला माणूस. मी चार्जर काढेपर्यंत ते फोन छातीशी धरून उभे होते आणि कुजबुजत म्हणाले, "बंद पडला तर अटक होईल." डिजिटल अटकेबद्दल पेपरात वाचलं होतं, पण समोर पहिल्यांदाच पाहिली. मी फोन त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि बंद केला. ते माझ्यावर ओरडले. मग स्टुलावर बसून रडले.

तो कॉलही तुमच्यासारख्याच पक्क्या कुलपाच्या ॲपवर होता. म्हणून लोक म्हणतात, बघा, हे कुलूप चोरांच्या कामाचं. मी म्हणते, नीट बघा, तिथेही टोकच कामाला आलं. मधे कुणी ऐकायची गरज पडली नाही; एन्डला एक माणूस शेजारी होता, एवढं पुरलं. व्हॉट्सॲपवर कुणाची तक्रार केली की त्याचे शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, कारण ज्याला आले त्यानेच ते पाठवलेले असतात. कुलूप शाबूत आणि तक्रारही पोचली. तुमच्या ॲपमध्ये ते बटण कुठे आहे? अनोळखी माणसाचा व्हिडिओ कॉल अर्ध्या तासावर गेला तर मोठ्या अक्षरात मराठीत एक ओळ का येत नाही, की पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत? यासाठी कॉल ऐकावा लागत नाही, फक्त घड्याळ बघावं लागतं, आणि ते फोनमध्येच असतं.

एक गमतीची मागणी. ट्विटरवाल्या जॅक डॉर्सीने २०२५ च्या जुलैमध्ये बिटचॅट काढलं, इंटरनेट नको, ब्लूटूथवरून एका फोनातून दुसऱ्या फोनात मेसेज उड्या मारत जातो. सुरुवातीलाच त्यात उणिवा निघाल्या, म्हणून मी ते कुणाला टाकून दिलं नाही. पण कल्पना कुणीतरी नीट पुरी करा. गणपतीच्या दहा दिवसांत राजाच्या रांगेमुळे आमच्या गल्लीत नेटवर्क मरतं. चुकलेल्या पोराची आई माझ्या दुकानासमोर 'कॉल फेल्ड' बघत उभी असते, आणि तिच्या अवतीभवती पाच हजार ब्लूटूथ.

तुमची स्टँडी मी टाकलेली नाही. गाळ्याच्या मागे उभी करून ठेवली आहे. पोरगा परत येईल तेव्हा त्याच्याबरोबर दोन उत्तरं पाठवा: फोन मेला तर मेसेजांचं काय, आणि माणूस मेला तर काय. पंधरा रुपये नकोत. उत्तरं पटली तर गिऱ्हाइकाला विचारून, त्याच्यासमोर, मी फुकट टाकून देईन.

बाकी भेटीअंती.

आपली,
लालबागची एक मोबाइलवाली

ता. क. नवं पावतीपुस्तक छापायला टाकलंय, त्यात नऊ टिंबं नाहीत. स्क्रीन चालत असेल तर फोन घ्यायच्या आधी मेंटेनन्स मोड चालू करून घेते. सॅमसंगने ते २०२२ मध्ये आणलं, फोन उघडतो पण आतलं काही दिसत नाही. फुटलेल्या स्क्रीनचं काय करायचं हा प्रश्न आहेच, तिथे तो चालूच करता येत नाही. सध्या गिऱ्हाइकाला समोर स्टुलावर बसवते आणि टच तपासायची वेळ आली की फोन त्याच्याकडे फिरवून धरते. वेळ जास्त लागतो. छापखानेवाला म्हणाला, "ताई, टिंबांचा ब्लॉक तयार आहे, काढायचे पैसे वेगळे पडतील." दिले.